भावाच्या पेशींतून आलेला विषाणू : एक प्रकरण अभ्यास

रुग्ण ३४ वर्षांची स्त्री. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा वेगाने वाढणारा कर्करोग. केमोथेरपीने आजार आटोक्यात आल्यावर मूलपेशी प्रत्यारोपण झाले. दाता तिचा सख्खा मोठा भाऊ, दोघांचे एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा, ज्यांवरून शरीर आपले-परके ओळखते) पूर्ण जुळलेले. प्रत्यारोपणानंतर १६व्या दिवशी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वर आल्या, म्हणजे भावाच्या पेशींचे कलम धरले. १९व्या दिवशी तिचे डोके दुखू लागले, नजर धूसर झाली, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर येऊ लागले. २०व्या दिवशी पहाटे झटका आला.

पुढे काय झाले ते सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ही एका विशिष्ट रुग्णाची नोंद नाही. अशा घटना वैद्यकीय साहित्यात गेल्या दोन-अडीच दशकांत पुन्हा पुन्हा नोंदल्या गेल्या आहेत. त्यांची वैशिष्ट्ये एकत्र आणून अभ्यासासाठी हे प्रकरण बांधले आहे. रुग्ण, भाऊ आणि त्यांचे आकडे रचलेले आहेत. त्यामागचे जीवशास्त्र खरे आहे, आणि त्यातून होणारी फसगतही खरी आहे.

झटक्यानंतर एमआरआयसाठी नेले, पण अस्वस्थतेमुळे ती स्थिर राहू शकली नाही आणि तपासणी अर्धवट सुटली. जेवढ्या प्रतिमा मिळाल्या त्यांत ठळक काही दिसले नाही. पाठीतले पाणी काढले. त्यात दर मायक्रोलिटरला २ पेशी, प्रथिने किंचित वाढलेली, साखर नेहमीसारखी. हर्पीस सिम्प्लेक्स, कांजिण्यांचा विषाणू, सायटोमेगॅलोव्हायरस, सगळे निगेटिव्ह. एकच पॉझिटिव्ह : मानवी हर्पीसविषाणू-६ (एचएचव्ही-६), दर मिलिलिटरला १,९०० प्रती. त्याच दिवशीच्या रक्तात तोच विषाणू दर मिलिलिटरला २० लाख प्रती.

हे आकडे पाहून कोणत्याही प्रत्यारोपण कक्षात एकच निदान पुढे येईल. मूलपेशी प्रत्यारोपणानंतर साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात एचएचव्ही-६बी, म्हणजे या विषाणूच्या ए आणि बी या दोन प्रकारांपैकी दुसरा, शरीरात पुन्हा जागा होऊन मेंदूच्या लिंबिक, म्हणजे स्मृती सांभाळणाऱ्या, भागाला सूज आणू शकतो. स्मृती जाते, गोंधळ होतो, झटके येतात, अनेकदा रक्तातले सोडियम घसरते. उशीर झाला तर जीव जातो किंवा स्मृतीचे कायमचे नुकसान होते. म्हणून इथे थांबून विचार करायला कोणाला फारशी सवड नसते, आणि उपचार लगेच सुरू केले हे बरोबरच होते. हे आधीच नोंदवतो, कारण पुढची चर्चा वाचून सुरुवातीचा निर्णयच चुकला असे वाटू शकेल.

कलम नुकतेच धरलेले असल्याने अस्थिमज्जेला दाबणारे गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध टाळून फॉस्कार्नेट हे दुसरे दिले. २४व्या दिवशी विषाणूचा आकडा ३६ लाख. २७व्या दिवशी ५१ लाख. या काळात मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ०.८ वरून १.७ वर गेले, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरले, ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या. फॉस्कार्नेट हे करतेच. ते मूत्रपिंडाला झोंबते आणि रक्तातले आयनरूपी कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे या औषधानेही झटके येऊ शकतात.

पूर्ण मात्रेत औषध चालू असताना विषाणू अडीचपट होतो, याचा अर्थ काय? चर्चेत पहिला शब्द आला तो प्रतिरोध. एचएचव्ही-६च्या यू३८ जनुकातून विषाणूचे डीएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची नक्कल करणारे एन्झाइम, तयार होते आणि फॉस्कार्नेटचा मारा थेट त्याच्यावर असतो. त्या जनुकात योग्य जागी बदल झाला तर औषध निकामी ठरू शकते. अंदाज तर्काला धरून होता. २७व्या दिवशी औषध बदलून गॅन्सिक्लोव्हिर सुरू झाले. २९व्या दिवशी गुंगी देऊन एमआरआय पुन्हा केला. या वेळी पूर्ण झाला. मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना सारखी सूज होती. ज्या भागात एचएचव्ही-६ची खूण शोधतात तो कानशिलाकडच्या पाळीचा (टेम्पोरल लोबचा) आतला भाग, हिप्पोकॅम्पसच्या आसपासचा, स्वच्छ होता. अहवालात रेडिओलॉजिस्टने पर्यायी कारण सुचवले होते : टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधामुळे आणि वाढलेल्या रक्तदाबामुळे होणारी सूज. झटक्याच्या दिवशी रक्तदाब १६८/१०२ होता आणि टॅक्रोलिमसची पातळी लक्ष्यापेक्षा वर होती. दोन्ही गोष्टी फाइलमध्ये होत्या.

पण ३४व्या दिवशी विषाणूचा आकडा उतरून साडेबारा लाखांवर आला. गॅन्सिक्लोव्हिर लागू पडले असे सगळ्यांना वाटले आणि एमआरआयचा अहवाल मागे पडला.

या प्रकरणातली सर्वांत धोक्याची जागा ही आहे. आकडा वाढत असताना संशय तरी जागा होता. आकडा उतरला आणि चुकीच्या निदानाला पुरावा मिळाल्यासारखे झाले.

उलगडा साप्ताहिक बैठकीत झाला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने विषाणूच्या आकड्यांशेजारी त्याच दिवसांचे पांढऱ्या पेशींचे आकडे लिहिले. २०वा दिवस : दर मायक्रोलिटरला २,१०० पेशी, म्हणजे दर मिलिलिटरला २१ लाख, विषाणू २० लाख. २४वा दिवस : पेशी ३८ लाख; विषाणू ३६ लाख. २७वा : ५२ लाख आणि ५१ लाख. ३४वा : गॅन्सिक्लोव्हिरने मज्जा दबून पेशी १३ लाखांवर आलेल्या, विषाणू साडेबारा लाख. दर वेळी एका पेशीमागे जवळपास एक प्रत. पाठीतल्या पाण्यातही तेच. दर मायक्रोलिटरला २ पेशी म्हणजे मिलिलिटरला २,०००, आणि विषाणू १,९००.

प्रत्यक्षातले आकडे इतके नेटके नसतात. विषाणूच्या प्रती मोजणाऱ्या नेहमीच्या पीसीआर चाचणीत दुपटी-निमपटीचा फरक सहज पडतो. पण चार वेगवेगळ्या दिवसांत, दोन वेगवेगळ्या द्रवांत, प्रमाण एकाच ठिकाणी घोटाळत असेल तर तो योगायोग मानता येत नाही. संसर्गातला विषाणू असे वागत नाही. तो काही पेशींत हजारोंनी वाढतो आणि बाकीच्या पेशींत नसतोच. प्रत्येक पेशीत नेमकी एक प्रत असेल, तर ती तिथे पेशीच्या स्वतःच्या जनुकसंचाचा भाग म्हणून असायला हवी.

असे होऊ शकते हे फार लोकांना माहीत नसते, म्हणून इथे जरा थांबतो.

माणसाला संसर्ग करणारे हर्पीसविषाणू ९ आहेत. सर्वांत लहान जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, कांजिण्यांच्या विषाणूचा, डीएनएच्या सुमारे १ लाख २५ हजार अक्षरांचा, आणि सर्वांत मोठा सायटोमेगॅलोव्हायरसचा, सुमारे २ लाख ३५ हजारांचा. दुहेरी धाग्याचा डीएनए, आणि एकदा शिरल्यावर शरीर न सोडणे, ही सगळ्यांची सामाईक ओळख. सुप्तावस्थेत हे विषाणू सहसा आपला डीएनए वर्तुळाकार करून पेशीच्या केंद्रकात सुटा ठेवतात. माणसाच्या गुणसूत्राला ते जोडले जात नाहीत. एप्स्टाइन-बार विषाणू गुणसूत्राला एका प्रथिनाच्या मदतीने नुसता चिकटून राहतो, म्हणजे पेशी विभागली तरी तो हरवत नाही.

एचएचव्ही-६ने वेगळी वाट धरली आहे. हा विषाणू १९८६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये लिम्फपेशींचे विकार असलेल्या रुग्णांत सापडला. १९८८ मध्ये कोइची यामानिशी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की लहान मुलांचा तीन-चार दिवसांचा ताप आणि ताप उतरताना येणारे गुलाबी पुरळ, म्हणजे रोझिओला, याच विषाणूमुळे होते. त्याचा जीनोम सुमारे १ लाख ६० हजार अक्षरांचा. मधला मोठा भाग एकदाच येतो आणि दोन्ही टोकांना आठ-नऊ हजार अक्षरांचा एकच मजकूर पुन्हा येतो. या टोकांच्या मजकुरात टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे ओळीने अनेकदा लिहिलेली आहेत.

माणसाच्या प्रत्येक गुणसूत्राच्या टोकालाही हीच सहा अक्षरे हजारो वेळा लिहिलेली असतात. त्या भागाला टेलोमिअर म्हणतात. पेशी विभागताना गुणसूत्राची टोके झिजतात, आणि ती झीज महत्त्वाच्या जनुकांपर्यंत पोहोचू न देणे हे टेलोमिअरचे काम. विषाणूच्या टोकाशी आणि गुणसूत्राच्या टोकाशी एकच मजकूर असल्यामुळे दोन डीएनएंची सरमिसळ होऊ शकते आणि विषाणूचा अख्खा जीनोम टेलोमिअरमध्ये जाऊन बसतो. त्याच्या पलीकडे पुन्हा टेलोमिअरची अक्षरे वाढतात, फक्त अशा टोकावरचे टेलोमिअर अनेकदा आखूड असते. कोंबड्यांना मॅरेक आजार देणारा हर्पीसविषाणूही असेच करतो. या दोन विषाणूंचे घर इतके वेगळे असूनही युक्ती एकच असावी, याचे मला अजून नवल वाटते.

ही घटना अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत घडली तर त्यातून जन्मणाऱ्या बाळाच्या प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीत विषाणूची एक प्रत असते. त्या बाळाच्या पुढच्या प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी. रक्तपेशींत विषाणूची असामान्य भरमार असलेले तीन रुग्ण १९९३ मध्ये इटलीतील मारिओ लुप्पी यांच्या गटाने नोंदवले. १९९९ मध्ये जपानमधील दाइबाता आणि सहकाऱ्यांनी तो पिढीतून पिढीत जातो हे दाखवले. २०१० मध्ये अमेरिकेत आर्बकल आणि सहकाऱ्यांनी तो टेलोमिअरमध्येच बसतो हे सिद्ध केले. सर्वसाधारण लोकसंख्येत अशी माणसे सुमारे १ टक्का किंवा त्याहून थोडी कमी आहेत. जगभराचा हिशेब केला तर हा आकडा काही कोटींत जातो. त्यांपैकी बहुतेकांना हे कधीच कळत नाही, आणि कळण्याची गरजही पडत नाही.

आता प्रकरणाकडे.

प्रश्न उरला तो हा : विषाणू गुणसूत्रात आहे, पण कोणाच्या? प्रत्यारोपणाच्या रुग्णाच्या शरीरात दोन माणसांच्या पेशी असतात. रक्त दात्याचे, बाकी सर्व तिचे. प्रयोगशाळेच्या सुदैवाने सायटोमेगॅलोव्हायरसच्या साप्ताहिक तपासणीतले उरलेले रक्त गोठवून ठेवलेले होते. प्रत्यारोपणाआधीच्या तिच्या रक्तात एचएचव्ही-६ निगेटिव्ह. सातव्या दिवशी, पांढऱ्या पेशी जवळजवळ नसताना, जेमतेम सापडेल इतका. १४व्या दिवसापासून वाढत गेलेला, नव्या पेशींच्या बरोबरीने. म्हणजे विषाणू कलमाबरोबर आला होता.

तरीही रक्ताबाहेरचा पुरावा हवा होता. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी प्रत्यारोपणानंतरही रुग्णाच्याच राहतात. तिचे केस केमोथेरपीने गेले होते, पण भुवईच्या केसांची काही मुळे मिळाली. ती निगेटिव्ह आली. भावाच्या केसांची मुळे पॉझिटिव्ह. त्याच्या रक्तावर डिजिटल पीसीआर केले. या पद्धतीत नमुना हजारो सूक्ष्म थेंबांत विभागून प्रती थेट मोजतात, म्हणून नेहमीच्या पीसीआरपेक्षा ती नेमकी असते. मानवी जनुकाच्या दोन प्रतींमागे विषाणूची एक प्रत आली. माणसाच्या पेशीत प्रत्येक जनुक दोनदा असते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. तेव्हा दोनामागे एक म्हणजे पेशीमागे एक. शेवटी चमकणारे शोधक रेणू वापरून त्याच्या लिम्फपेशींची गुणसूत्रे पाहिली, तर १७व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या अगदी टोकाशी ठिपका दिसला. ही जागा अशा माणसांत अनेकदा आढळते.

एचएलए पूर्ण जुळत असताना बहिणीत विषाणू नाही आणि भावात आहे, हे कसे, असा प्रश्न बैठकीत एका निवासी डॉक्टरने विचारला. उत्तर सोपे आहे, पण ‘पूर्ण जुळणी’ या शब्दांनी भुरळ पडते. एचएलएची जनुके ६व्या गुणसूत्रावर असतात. त्या पट्ट्यात ही भावंडे सारखी निघाली. १७व्या गुणसूत्राची वाटणी वेगळी होते. पालकांपैकी ज्याच्याकडे विषाणू असलेले १७वे गुणसूत्र आहे, त्याच्याकडून भावाला ते मिळाले आणि बहिणीला त्याच्या जोडीचे दुसरे. दाता निवडताना कोणी टेलोमिअर पाहत नाही.

विषाणूचा प्रकार मात्र आधी तपासायला हवा होता, आणि या टप्प्यावर माझे मत ठाम आहे. नमुन्यातला विषाणू एचएचव्ही-६ए निघाला. नेहमीच्या चाचण्या अनेकदा ए आणि बी वेगळे न करता नुसते ‘एचएचव्ही-६ पॉझिटिव्ह’ असे कळवतात. २०१२ मध्ये या दोघांना स्वतंत्र प्रजातींचा दर्जा मिळाला. एकूण जीनोमचा विचार केला तर त्यांच्यात सुमारे ९० टक्के साम्य आहे, पण फरक सगळीकडे सारखा पसरलेला नाही. विषाणूच्या मूलभूत यंत्रणेची जनुके, म्हणजे पॉलिमरेज, कवचाची प्रथिने, बरीच मिळतीजुळती आहेत. संसर्ग होताच सर्वांत आधी चालू होणाऱ्या जनुकांच्या पट्ट्यात, यू८६ ते यू९० च्या आसपास, ते एकमेकांपासून खूप दूर गेले आहेत. पेशीत शिरण्याचा दरवाजाही वेगळा : ए प्रकार सीडी४६ या रेणूला धरतो, बी प्रकार सीडी१३४ ला. रोझिओला बहुतेक वेळा बी देतो आणि प्रत्यारोपणानंतरचा लिंबिक दाहही जवळजवळ नेहमी बीच देतो. बहुतेकांना बीचा संसर्ग आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच होऊन गेलेला असतो. तेव्हा प्रत्यारोपणानंतर मेंदूची सूज आणि रक्तात ए, ही जोडी दिसताच वारशाच्या विषाणूची शंका यायला हवी. या एका माहितीने फॉस्कार्नेटचा आठवडा वाचला असता.

औषध-प्रतिरोधाची शंकाही अनुक्रमातूनच, म्हणजे विषाणूच्या डीएनएची अक्षरे ओळीने वाचूनच, मिटली. यू३८ मध्ये पॉलिमरेजचे काम बदलेल असे काही नव्हते. यू६९ हे जनुक गॅन्सिक्लोव्हिरला कार्यक्षम रूप देणारे एन्झाइम बनवते, तेही शाबूत होते. त्याहून बोलके होते ते दुसरेच. अख्ख्या जीनोमभर एकाही जागी दोन पर्यायी अक्षरे मिसळलेली आढळली नाहीत. सगळ्या प्रती एकसारख्या होत्या, आणि त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक होते वारशाने आलेले इतर ए-जीनोम.

विषाणूच्या जनुकीय विविधतेचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. हर्पीसविषाणूंचे पॉलिमरेज आपल्या चुका स्वतः तपासून दुरुस्त करते, त्यामुळे फ्लूच्या विषाणूच्या तुलनेत ते सावकाश बदलतात. तरीही माणसामाणसांत फिरणारा विषाणू लाखो वेळा आपली नक्कल करतो आणि बदल साठत जातात. गुणसूत्रात बसलेल्या विषाणूची नक्कल माणसाची पेशी करते, माणसाच्या पॉलिमरेजने, एका विभाजनात एकदाच. त्याचे बदल माणसाच्या जनुकांच्या गतीने होतात. म्हणून वारशाने आलेला विषाणू ज्या काळी गुणसूत्रात शिरला त्या काळचा मजकूर बऱ्याच अंशी जपून ठेवतो. जीनोमांची तुलना केल्यावर दिसते की एकाच गुणसूत्राच्या एकाच टोकाशी विषाणू असलेली, एकमेकांना न ओळखणारी अनेक माणसे प्रत्यक्षात एकाच पूर्वजाची वंशज आहेत. त्या एका पूर्वजात विषाणू हजारो वर्षांपूर्वी शिरला. ए प्रकारात वारशाचे जीनोम आज फिरणाऱ्या विषाणूंपासून स्पष्ट वेगळे दिसतात. बी प्रकारात ही सीमारेषा तितकी स्वच्छ नाही. काही वारशाचे बी-जीनोम फिरणाऱ्या विषाणूंशी बरेच मिळतेजुळते आहेत. अनुक्रमावरून निवाडा करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. ए असेल तर अनुक्रम बरेच सांगून जातो, बी असेल तर पेशीमागे प्रती मोजण्याला पर्याय नाही. आणखी एक गुंता असा, की काही माणसांत मधला मोठा जीनोम निघून गेलेला असतो आणि टेलोमिअरमध्ये फक्त टोकाचा पुनरावृत्त तुकडा उरलेला असतो. चाचणी त्या तुकड्यावर बेतलेली असेल तर ती पॉझिटिव्ह येईल, मधल्या भागावर बेतलेली असेल तर निगेटिव्ह.

एक धोका इथे उलट बाजूने येतो. ‘हा वारशाचा विषाणू आहे’ असे ठरले की तो निरुपद्रवी समजून फाइल बंद करण्याचा मोह होतो. तसे करता येत नाही. २०१४ मध्ये एक्स गुणसूत्राशी निगडित तीव्र प्रतिकारहीनतेच्या एका मुलात वारशाचा ए विषाणू खरोखर जागा होऊन संसर्ग करत असल्याचे दाखवले गेले. जन्मतः आढळणाऱ्या एचएचव्ही-६ संसर्गांपैकी ८६ टक्के या वारशाशी निगडित असल्याचे २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. २०१५ मध्ये कॅनडात सुमारे २० हजार लोकांच्या तपासणीत असा वारसा असलेल्यांत अंजायनाचे, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणाऱ्या दुखण्याचे, प्रमाण तिप्पटीहून अधिक आढळले. २०१७ मध्ये मूलपेशी प्रत्यारोपणाच्या मोठ्या अभ्यासात दाता किंवा रुग्ण यांच्यापैकी कोणात हा विषाणू असेल तर कलमाच्या पेशींकडून रुग्णाच्या शरीरावर होणारा तीव्र हल्ला आणि रक्तातला सायटोमेगॅलोव्हायरस अधिक दिसला, मृत्युदर मात्र वाढलेला नव्हता. शिवाय ज्याच्या गुणसूत्रात ए आहे त्याला बीचा साधा संसर्गही असू शकतो, आणि तो या लाखोंच्या आकड्याखाली सहज झाकला जाईल.

म्हणून या रुग्णात आणखी दोन चाचण्या केल्या. बीसाठी स्वतंत्र पीसीआर निगेटिव्ह आले. आणि डीएनएऐवजी आरएनए शोधले, कारण डीएनए विषाणू आहे एवढेच सांगतो, तो काम करतो आहे का हे त्याच्या जनुकांतून निघणाऱ्या आरएनएवरून कळते. विषाणू वाढत असताना जी जनुके चालू असतात त्यांचे आरएनए तिच्या रक्तपेशींत सापडले नाही. विषाणू हजर होता आणि गप्प होता. पेशी काढून उरलेल्या प्लाझ्मात विषाणू सापडतो का हे पाहून हा निवाडा करावा असे काही जण सुचवतात. वाहतुकीत आणि साठवणीत पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए प्लाझ्मात येतो, म्हणून त्या उत्तरावर एकट्यावर विसंबणे मला पटत नाही.

३६व्या दिवशी गॅन्सिक्लोव्हिर थांबवले. टॅक्रोलिमस बंद करून प्रतिकारशक्ती दाबण्याची दुसरी योजना लावली, रक्तदाब काटेकोरपणे आवरला. चार दिवसांत नजर निवळली. पुढच्या आठवड्यात ती स्वतःच्या औषधांची नावे आणि वेळा न चुकता सांगू लागली. त्यानंतरच्या एमआरआयमध्ये मागच्या भागातली सूज बरीच ओसरलेली होती. क्रिएटिनिन १.१ पर्यंत उतरले, पूर्वीइतके मात्र झाले नाही. पांढऱ्या पेशी सावरल्या आणि त्यांच्याबरोबर विषाणूचा आकडाही पुन्हा ४८ लाखांवर गेला. त्या दिवशी पेशी ५० लाख होत्या.

मागे वळून पाहता घटनांची साखळी अशी लागते. टॅक्रोलिमस आणि रक्तदाब यांनी मेंदूला सूज आली. त्याच सुमारास कलम धरत होते, म्हणून भावाचा विषाणू रक्तात चढत होता. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्यामुळे एक दुसरीचे कारण वाटली. फॉस्कार्नेटने मूत्रपिंड दुखावले, त्याने रक्तदाब आवरणे अधिक अवघड झाले आणि उतरलेल्या कॅल्शियमने झटक्यांचा धोका वाढवला. गॅन्सिक्लोव्हिरने पेशी मारल्या आणि त्या मरणाऱ्या पेशींबरोबर विषाणूचा आकडा उतरला.

भावाला बोलावून सगळे समजावून सांगितले. त्याचा पहिला प्रश्न स्वतःविषयी नव्हता. ‘तिला हे माझ्यामुळे झालं का?’ असे त्याने विचारले. त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले की झटक्यांचे कारण औषध आणि रक्तदाब हे होते, त्याच्या पेशी तिच्या शरीरात आपले काम चोख करत आहेत, आणि हा विषाणू त्याला जन्मापासून आहे. त्याला उपचाराची गरज नाही. त्याच्या मुलांना हा वारसा मिळण्याची शक्यता निम्मी आहे. त्यांची तपासणी करायची की नाही हा त्याचा निर्णय, पण निरोगी मुलांत ती करून हाती फारसे काही लागत नाही. मात्र कधी त्याचे किंवा मुलांचे रक्त एचएचव्ही-६ साठी तपासले गेले तर डॉक्टरांना ही गोष्ट आधी सांगायला हवी. कार्ड स्वरूपात एक छोटी नोंद त्याला लिहून दिली.

बहिणीच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता ठळक नोंद आहे : दात्याच्या पेशींत वारशाने आलेला एचएचव्ही-६ए, १७व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या टोकाशी, रक्त, पाठीतले पाणी आणि रक्तपेशी शिरलेली कोणतीही ऊती कायम पॉझिटिव्ह राहील, एकट्या डीएनएच्या आकड्यावरून उपचार सुरू करू नयेत, मेंदूदाहाची शंका आल्यास बीसाठी वेगळी चाचणी, पेशीमागे प्रतींचे प्रमाण आणि विषाणूचे आरएनए, ही तिन्ही पाहावीत. तिच्या रक्तातल्या जवळपास सर्व पेशी आता भावाच्या आहेत आणि त्या टिकतील तोवर ही नोंद लागू राहील. ल्युकेमिया परतला आणि तिच्या स्वतःच्या पेशी पुन्हा वाढू लागल्या, तर पेशीमागे विषाणूचे प्रमाण एकाच्या खाली घसरू लागेल. दात्याच्या पेशी किती उरल्या हे मोजण्याची नेहमीची चाचणी हाच बदल अधिक नेमकेपणाने दाखवते, म्हणून पाठपुरावा तिच्यावरच ठेवला आहे.